रंग ओळखता आले नाहीत, पण ओढ ओळखली

१८८५ सालची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा सोळा वर्षांचा एक मुलगा चित्रकला शिकायला मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. मुलानं कुंचला हाती घ्यावा हे त्यांना पसंत नव्हतं. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून मुंबई गाठता आली. दोनेक वर्षं गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. या मुलाला काही रंगांमधला फरकच नीट कळत नव्हता. त्याला अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार होण्याचा रस्ता तिथंच संपला.

त्या मुलाचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९. पुढे लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक आणि पाण्याचा पंप यांच्यामुळे हे आडनाव महाराष्ट्रातल्या शेताशेतांत पोचलं. आपल्या अमरावती-अकोल्याकडेही विहिरीवरच्या पंपावर हे नाव वाचत वाचत कित्येक पोरं मोठी झाली.

आरोग्याच्या सदरात कारखानदाराचं चरित्र कशाला, असं कुणाला वाटेल. कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे हा रंगांधळेपणा. तो घराघरांत असतो आणि बहुतेकांना ठाऊक नसतो. दुसरं कारण जरा लांबचं वाटेल. लक्ष्मणरावांनी जन्मभर जी यंत्रं केली, त्या सगळ्यांत एकच प्रश्न होता : माणसाच्या किंवा बैलाच्या अंगात आहे तेवढ्याच ताकदीत जास्त काम कसं व्हावं? आज अकोटहून कापूस किंवा वरूड-मोर्शीकडून संत्री भरून निघालेल्या पिकअपचा प्रश्नही तोच आहे. आणि मोंढ्यात पोतं उचलणाऱ्या माणसाच्या कमरेचाही तोच.

डोळा चांगला, रंग मात्र चुकतो

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी एक प्रकार नसला किंवा नीट काम करत नसला, की काही रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार लाल-हिरव्याचा. याचं मूळ एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाजवळ एकच एक्स असतो, त्यामुळे दोष आला की तो दिसतोच. बाईजवळ दोन असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणून हा दोष बहुधा आईकडून मुलाला मिळतो, आणि आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. दर १०० पुरुषांमागे साधारण ३ ते ८ जणांत तो आढळतो. बायकांत फारच क्वचित.

जन्मजात रंगांधळेपणा वाढत नाही आणि कमीही होत नाही. नजर अधू होत नाही. त्यावर थेंब, गोळी किंवा बरा करणारा चष्मा नाही. एवढंच की मुलाला तो आहे हे लवकर कळायला हवं. ठिपक्यांतून आकडा ओळखायचा जो तक्ता आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाहतो, तो जपानच्या डॉ. इशिहारा यांनी १९१७ मध्ये केला. लक्ष्मणराव मुंबईला गेले तेव्हा हा तक्ता नव्हता. रंग हातात घेऊन दोन वर्षं घालवल्यावरच त्यांना आपला दोष कळला.

आज ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि सरकारी दवाखान्यात होते. तरीही झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून मार खाणारी पोरं आहेत. बारावीनंतर रेल्वेची किंवा अशाच एखाद्या नोकरीची तयारी दोन-तीन वर्षं करून ऐन वैद्यकीय तपासणीत बाद होणारे तरुण तर दरवर्षी दिसतात. बापाचं कर्ज झालेलं असतं, क्लासची फी भरून झालेली असते. ती तपासणी आठवीतच करून घेतली असती तर रस्ता वेळेवर बदलता आला असता. गाडी चालवण्यापुरतं बोलायचं तर २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलले. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता परवाना मिळू शकतो. तीव्र दोष असेल तर मात्र नाही.

रंग गेले, रेषा राहिली

लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, पण यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत. तिथं रेषा लागते, माप लागतं, आणि तो हात त्यांच्याकडे होता. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास पुरा केला. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. तिथं त्यांना यांत्रिक रेखाटन शिकवणाऱ्या साहाय्यक शिक्षकाची नोकरी लागली. संस्थेत यंत्रं होती. वर्ग सुटला की लक्ष्मणराव त्या यंत्रांजवळ जात, ती कशी चालतात, कशी उघडतात, कशी दुरुस्त होतात हे हातानं शिकत. औपचारिक अर्थानं ते इंजिनिअर झाले नाहीत. शिक्षण झालं ते असं.

मुंबईतच त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा ती नवलाईची चीज होती. त्यांनी सायकली विकत घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायला सुरुवात केली. रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान उभं राहिलं. पुढच्या सगळ्या उद्योगाची ही सुरुवात.

इथं जरा थांबून सायकलकडे नीट पाहू, कारण गिअर म्हणजे काय हे समजायला याहून सोपं यंत्र नाही. जुन्या काळी पुढचं चाक माणसाएवढं उंच असलेली सायकल असायची. पायडल थेट त्या चाकालाच. एकदा पाय फिरवला की चाक एकदा फिरणार. म्हणून वेग हवा तर चाकच मोठं करायचं. साखळी आली आणि चाक लहान झालं. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळपास अडीच फेरे घेतं. वेग अडीच पट मिळाला. पण फुकट काहीच मिळत नाही. चाक फिरवणारा जोर तेवढ्याच पटीनं कमी झाला. म्हणून सपाटीवर मजेत जाणारी सायकल चढावर छातीला धाप लावते.

याच वर्षी, म्हणजे १८८८ मध्ये, जगात दुसरीकडेही चाकावर खटपट चालली होती. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. जर्मनीत बर्था बेंझ ही बाई ऑगस्ट महिन्यात नवऱ्यानं बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली. सोबत दोन मुलं. मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी जायचं होतं, अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन कमी पडलं ते तिनं विस्लॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. चढ आला की मात्र गाडी हटायची नाही, उतरून ढकलावी लागायची. परत आल्यावर तिनं चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा असं सुचवलं आणि कार्ल बेंझनं तो बसवला. ओझ्याची आणि चढाची अडचण नुसतं इंजिन मोठं करून सुटत नाही, दात्यांचा हिशेब बदलावा लागतो, हे मोटारीच्या जन्माबरोबरच कळलं होतं.

पिकअपच्या पोटातला हिशेब

पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मधोमध एक लोखंडी फुगवटा दिसतो. गॅरेजवाले त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्याच्या पोटात दोन दातेरी चक्रं असतात. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाला लहान पिनियन आणि त्याला अडकलेलं मोठं क्राउन. समजा पिनियनला १० दाते आणि क्राउनला ४१. म्हणजे दांडा ४.१ फेरे फिरला की चाक एकदा फिरतं. सायकलच्या नेमकं उलट. वेग ४.१ पटीनं घटला, आणि त्या बदल्यात चाक फिरवणारा जोर ४.१ पट झाला; घर्षणात थोडा जातो तो सोडून.

दुसऱ्या गाडीत इंजिन तेच, गिअरबॉक्सही तोच, पण हे प्रमाण ३.४२ आहे असं धरा. तर ४.१ वाल्या गाडीच्या चाकाला सुमारे २० टक्के जास्त ओढ मिळेल. मळणी यंत्र मागं बांधून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर ही गाडी दम धरेल. पण हमरस्त्यावर त्याच वेगानं जाताना जिथं ३.४२ वालीचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं, तिथं हिचं सुमारे २,४०० घेईल. डिझेल जास्त, आवाज जास्त. म्हणून रोज अमरावती-अकोला मोकळ्या रस्त्यानं हलका माल नेणाऱ्याला एक प्रमाण बरं पडतं आणि मेळघाटात ओझं चढवणाऱ्याला दुसरं.

चाकाचा आकारही याच हिशेबात येतो. रुबाबासाठी मोठे टायर घातले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे ओढ कमी होते. टायरचा व्यास १० टक्के वाढला तर ओढ जवळपास तेवढीच घटते, आणि काट्यावर दिसतो त्यापेक्षा खरा वेग जास्त असतो.

आता यातली खरी धोक्याची गोष्ट. दाते बदलून ओढ वाढवता येते, पण गाडी थांबवायचं काम दाते करत नाहीत. ते ब्रेक करतात, आणि ब्रेक तेच राहतात. कंपनी जी वजनाची मर्यादा ठरवते ती ॲक्सल, चेसिस, टायर, ब्रेक, क्लच आणि इंजिन थंड ठेवायची व्यवस्था यांतल्या सर्वांत कमकुवत भागावर ठरते. ओढतेय ना, मग चालतं, असं म्हणून दीडपट माल भरला की चढ पार होतो आणि अपघात उतारावर होतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर ते तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पक्का शास्त्रीय आहे. तेव्हा इंजिनच गाडी धरून ठेवतं.

आणि पिकअपमध्ये नुसता माल नसतो. मालाच्या वर बसलेली माणसंही असतात. कापूस वेचायला निघालेल्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, यात्रेला जाणारी पोरं. अशी गाडी कलंडली की एकाच वेळी दहा-बारा जखमी दवाखान्यात येतात, आणि त्यांत मणक्याला मार बसलेला एखादा तरी असतोच. मालाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही, एवढं जरी पाळलं तरी यातली पुष्कळशी दुःखं टळतील.

नांगर दोन वर्षं पडून राहिला

पुन्हा लक्ष्मणरावांकडे. मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. छोटासा कारखाना काढला. पहिल्या यंत्रांपैकी एक होतं कडबा कापायचं. मग लोखंडी नांगर. पहिला नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली.

शेतकऱ्याला हसण्याचं कारण नाही. त्याच्याजवळ एक जमीन, एक बैलजोडी आणि एक हंगाम असतो. नवी गोष्ट फसली तर वर्ष जातं. नव्या औषधाला किंवा लशीला घाबरणाऱ्या माणसाचंही असंच असतं. त्याला रागावून काही होत नाही. शेजारच्या धुऱ्यावर फरक दिसला की तो आपण होऊन येतो. नांगराचंही तेच झालं. एकदा खप सुरू झाला तो थांबला नाही.

लोखंडी नांगरानं काय साधलं? लाकडी नांगर जमीन फाडतो, उलटवत नाही. लोखंडी नांगराचा वळलेला पंखा मातीचा काप उचलून पालथा घालतो. आपल्या वऱ्हाडात काळ्या जमिनीत पूर्वी दरवर्षी नांगरण्यापेक्षा वखरावरच भर असे. वखर वरवरचं तण कापतो. पण हरळी आणि कुंदा खोल मुळं धरून बसले की वखर हात टेकतो. तिथं खोल नांगरट लागते.

मात्र खोल नांगरटीला ओढ लागते, आणि बैलाला गिअर नसतो. बैल दिवसभर टिकून ओढू शकतो ती ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. ४०० किलोचे दोन बैल म्हणजे जोडीची सुमारे ८० किलोची ओढ. थोडा वेळ तो याहून खूप जास्त जोर लावतो, पण मग थांबतो, फेस येतो, खांद्याला जू लागून जखम होते. नांगराला लागणारी ओढ ही तासाची रुंदी, खोली आणि मातीचा चिवटपणा यांवर ठरते. म्हणून जड नांगराला दोन-दोन, तीन-तीन जोड्या लावाव्या लागत, नाहीतर तास अरुंद घ्यावं लागे. मोटेवर बैल उतारावरून चालवत तेही याच कारणानं. ओढीला बैलाच्या वजनाची जोड मिळे. उसाच्या चरकात बैल लांब दांडीला बांधून मोठ्या वर्तुळात फिरवला की मधले लाट हळू फिरतात, पण ऊस चिरडण्याइतक्या जोरानं. बैल तोच, हिशेब बदललेला.

दात्यांना बोट कळत नाही

कडब्याच्या यंत्राबद्दल डॉक्टर म्हणून थोडं जास्त बोलायला हवं. या यंत्राचं मोठं चाक हातानं फिरवलं की त्यावरची पाती कडबा कापतात. पण कडबा पुढे सरकवणारे लाट फिरतात ते दात्यांमार्फत, अगदी सावकाश. चाक झपकन फिरतं आणि लाट जरासाच सरकतो. कापाचा तुकडा किती लांब यावा हे त्या दात्यांच्या प्रमाणावरच ठरतं. सावकाश फिरतो म्हणूनच त्या लाटाचा जोर जबरदस्त असतो. पेंढी ढकलताना हात त्यात गेला की ओढून बाहेर निघत नाही. लाटाला ज्वारीचं धांडं आणि माणसाचं बोट यातला फरक कळत नाही. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या यंत्रात तर चाक थांबवायलाही वेळ मिळत नाही.

यात जखमी होणाऱ्यांत खेळता खेळता चाक फिरवणारी लहान मुलं असतात. म्हणून काम नसेल तेव्हा चाकाला खिळ घालून कुलूप लावावं, तोंडाशी संरक्षक पत्रा आणि लांब घमेलं असावं, आणि सैल बाही, ओढणी, पदर जवळ येऊ देऊ नये. बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेलं बोट टाकू नका. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. हळद, तंबाखू, राख काही लावू नका. जितक्या लवकर मोठ्या दवाखान्यात पोचाल तितकी बोट जोडण्याची आशा जास्त. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

ओसाड माळावर वसाहत

बेळगावात कारखाना जम धरत होता, तोच शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी म्हणून नगरपालिकेनं त्यांना हलायला सांगितलं. पुन्हा रस्ता बंद. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे काय, निवडुंगानं भरलेला, सापांचा माळ. १९१० मध्ये लक्ष्मणराव थोडे कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथं उतरले. हीच किर्लोस्करवाडी.

तिथं त्यांनी नुसता कारखाना उभारला नाही, राहण्याजोगं गाव वसवलं. कामगारांना घरं, मुलांना शाळा. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हा नियम त्या काळात घालून तो पाळला. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना त्यांनी राखणीचं काम दिलं. हाताखालची माणसंही अशीच, कुणाचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, कुणी दुसरीकडे न जमलेलं. रंगांच्या एका दोषामुळे स्वतःचा रस्ता बदलावा लागलेल्या माणसानं दुसऱ्याचा दोष पाहून त्याला बाद केलं नाही. तो कुठल्या जागी उपयोगी पडेल एवढं पाहिलं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी कारखान्याचं बातमीपत्र म्हणून किर्लोस्कर खबर सुरू झालं. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचं पुढे मोठं मासिक झालं. विसाच्या दशकात कारखान्यात पंप तयार होऊ लागले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून यंत्रशास्त्र शिकून आला. १९४६ मध्ये पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी निघाली. मोटेमागं दिवसभर फिरणारे बैल मोकळे झाले.

आपल्या अंगातलं गिअर

आता शेवटचं यंत्र, आपलं शरीर. कोपरात हात वाकवणारा स्नायू कोपराच्या सांध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, आणि तळहात असतो ३५ सेंटिमीटरवर. म्हणजे हातात १० किलो धरले तर त्या स्नायूला सुमारे ७० किलोचा ताण द्यावा लागतो. निसर्गानं आपल्याला सायकलचं गिअर दिलं आहे, नांगराचं नाही. स्नायू थोडा आखडला की हात झपकन हलतो. दगड भिरकावायला, पळायला, झाडावर चढायला हे उत्तम. ओझं उचलायला तोट्याचं.

कमरेचंही तसंच. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागं असतात. कमरेत वाकून, हात लांब करून ५० सेंटिमीटर पुढे ठेवलेलं २० किलोचं घमेलं उचललं, तर नुसत्या त्या ओझ्यासाठी पाठीला २०० किलोचा ताण घ्यावा लागतो. वरून धडाचं वजन वेगळंच. तेच घमेलं पोटाशी, २५ सेंटिमीटरवर आणलं की ताण निम्मा होतो. ओझं तेच, माणूस तोच, फक्त अंतर बदललं. म्हणून ओझं उचलताना आधी त्याच्या जवळ जा, गुडघ्यात वाका, ओझं छातीशी धरा आणि उठा. उचलून कमरेतून वळू नका, पावलं फिरवून वळा. पोतं जड असेल तर दोघांनी धरा, नाहीतर दोन फेऱ्या करा. दोन फेऱ्या करणं म्हणजेच खालचा गिअर घालणं. वेळ जास्त लागतो, पण मणका टिकतो.

कंबरदुखीसोबत पायात मुंग्या आल्या, पाय लुळा वाटू लागला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर चोळून घेत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. वय ८७ वर्षं. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. चित्र काढायला निघालेला, रंग न ओळखणारा मुलगा इथवर पोचला, तो अंगात नव्हती ती ताकद कुठून तरी आणून नव्हे. होती तेवढी ताकद कुठल्या जागी लावली तर कामी येईल हे त्यांनी शोधलं, आणि त्या बदल्यात काय सोडावं लागेल हेही मान्य केलं.

हंगाम तोंडावर आहे. गाडीच्या आरसी पुस्तकात किती वजन लिहिलं आहे ते एकदा काढून पाहा आणि ते ड्रायव्हरला, माल भरणाऱ्यालाही दाखवा. कडब्याच्या यंत्राला कुलूप आहे का ते बघा. आणि घरात आठवी-नववीचं पोर असेल, विशेषतः आईच्या वडिलांना किंवा मामाला रंगांचा घोटाळा होत असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन त्याचे डोळे रंगांसाठी तपासून घ्या. दोष निघाला तर घाबरू नका. कुठल्या वाटेनं जायचं हे ठरवायला त्याच्याजवळ अजून पुष्कळ वेळ आहे.